निलांबूरचा साग आणि नदीची वाट

मा. संपादक, स. न. वि. वि.

केरळमधील निलांबूरच्या सहलीत बहुतेक प्रवासी कोनोली साग-लागवड पाहतात, उंच झाडांखाली छायाचित्रे काढतात आणि परततात, याची मनापासून खंत वाटते. १८४०च्या दशकात मलबारचे जिल्हाधिकारी कोनोली यांच्या पुढाकाराने झालेली ही लागवड चातू मेनन यांच्या देखरेखीखाली उभी राहिली. रोपे रुजवण्याचे खरे कष्ट त्यांचे आणि मजुरांचे होते, आणि त्यांचे नाव आधी घेतले जावे असे मला वाटते. सागाच्या संग्रहालयात मांडलेले मुळांचे अवाढव्य जाळे मी बराच वेळ न्याहाळत उभा होतो. मात्र ही कथा जंगलात संपत नाही. हत्तींनी ओढलेले ओंडके चालियार नदीतून कोळिकोडजवळच्या कल्लायीच्या लाकूडबाजारात जात. ओला साग पाण्यात सहज तरंगत नाही, म्हणून उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती खाच पाडून ते आधी वाळवण्याची रीत सागाच्या जंगलांत होती. सहलींच्या आयोजकांनी त्याच दिवशी कल्लायी आणि सागवानी जहाजे बांधणारे बेपूरही दाखवावे, आणि माहूत व ओंडके वाहणाऱ्यांच्या श्रमांची माहिती तेथे मराठीसह अन्य भाषांतही मिळावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक