लाओसला जायच्या आधी हे वाच

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

काल तू थायलंडहून फोनवर म्हणालीस, पप्पा, इथल्या शाळेचं नोकरीचं लेटर आलं की लाओसला जाऊन थायलंडचा व्हिसा घेऊन येतो, दोन तीन दिवसाचं काम आहे. दुकानात उताऱ्यासाठी माणसं थांबलेली म्हणून मी बरं म्हटलं आणि फोन आईकडं दिला. खरं रात्री झोप लागेना, मग उठून कॉम्प्युटर लावला आणि थायलंडच्या वकिलातीचं, आपल्या वकिलातीचं, जे जे मिळालं ते वाचत बसलो. त्यातलं तुला लागेल तेवढं इथं लिहितोय. व्हॉट्सअपवर लांबलचक दिसेल, कंटाळा करू नको, सगळं वाच.

जाऊ नको असं मी म्हणणार नाही. बी.एड. करून तू इथं खाजगी शाळेत किती राबलीस आणि महिन्याच्या शेवटी हातात काय यायचं ते मी बघितलंय. गणित शिकवायला तिकडं बरा पगार आणि मान मिळत असेल तर आम्हाला काळजी वाटते म्हणून तुला खानापुरात अडवून ठेवणं बरोबर नाही. माझं म्हणणं एवढंच, की शाळेची कागदं पुरी हातात आल्याशिवाय थायलंडच्या बाहेर पाय टाकू नको, आणि सरकारी काउंटर सोडून पासपोर्ट कुणाच्या हातात देऊ नको. कुणाच्या म्हणजे कुणाच्याच, तो आपल्या बेळगावचा असला, मराठी बोलत असला तरी.

तू गेलीस ती फ्री एन्ट्रीवर. २०२४ च्या जुलैत थायलंडनं आपल्या लोकांना व्हिसाशिवाय ६० दिवस राहायची सवलत दिली ती. ती फिरायला येणाऱ्यांची सोय आहे, तिच्यावर नोकरी चालत नाही. नोकरीला नॉन-इमिग्रंट बी व्हिसा लागतो आणि तो देशाबाहेरच्या थाई वकिलातीतून घ्यायचा, म्हणून तुझी शाळा लाओस म्हणते, ते काही चुकीचं नाही, वर्षानुवर्षं तिथले शिक्षक तसंच करत आलेत. खरं देशात राहूनच इमिग्रेशन ऑफिसात फ्री एन्ट्रीचा बी व्हिसा करून घ्यायची पण एक वाट आहे, त्याला मुक्कामाचे १५ दिवसांपेक्षा जास्त शिल्लक असावे लागतात. शाळेच्या एचआरला एकदा नीट विचार की तुमच्याकडनं ते होतं का. झालं तर लाओसचा विषयच मिटला. नाही म्हणाले तर का नाही ते पण विचार, लाजू नको.

आणि एक, ह्यात तू फसशील अशी मला भीती आहे कारण तुझा स्वभाव कुणाला नाही म्हणायचा नाही. शाळा म्हणेल मॅडम, मुलांचं नुकसान होतंय, व्हिसा होईल मागनं, तुम्ही तास घ्यायला सुरुवात करा. घेऊ नको. वर्क परमिट नसताना काम करताना सापडलं तर तिथल्या कायद्यात ५,००० ते ५०,००० बात (तिथलं चलन) दंड आहे, वर परत पाठवतात आणि पुढची दोन वर्षं वर्क परमिट देत नाहीत. बी व्हिसा मिळाला म्हणजे झालं असंही नाही हं, व्हिसा वेगळा आणि वर्क परमिट वेगळं. लाओसहून आलीस तरी परमिट हातात पडेपर्यंत फळ्यासमोर उभी राहू नको. मुलांचं नुकसान शाळेनं बघावं, तुझ्या पासपोर्टवर शिक्का बसला तर तो पुसायला कुणी येणार नाही.

आता ज्यानं मला झोप लागली नाही ते सांगतो. आईला हे वाचून दाखवू नको.

लाओस म्हटल्यावर मला पहिलं आठवलं ते बोकेओ. लाओसच्या उत्तरेला, थायलंड आणि म्यानमारच्या हद्दी जिथं भेटतात तिथं गोल्डन ट्रँगल म्हणून एक स्पेशल झोन आहे. आपल्या पोरापोरींना कॉम्प्युटरवरची नोकरी, डिजिटल मार्केटिंग, कस्टमर सपोर्ट असं सांगून तिथं नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि फोनवरून लोकांना लुबाडायच्या कामाला बसवतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपल्या वकिलातीनं तिथनं ४७ जणांना सोडवलं. म्यानमारच्या बाजूला तर त्याहून मोठं आहे, २०२५ च्या मार्चमध्ये थायलंडच्या माए सोतहून हवाई दलाची विमानं पाठवून दोन दिवसात ५४९ भारतीयांना परत आणावं लागलं. ह्यातले कितीतरी जण बँकॉकला नोकरी आहे म्हणून घरातनं निघालेले. त्यांच्या आईवडिलांनी पण पोरगं विमानात बसताना फोटो काढला असेल, जसा आपण काढला.

तुझी शाळा खरी आहे, तू तिथं जाऊन आलीस, मुलं बघितलीस, हे मला माहीत आहे. शाळेवर माझा संशय नाही. मला भीती वाटते ती मधल्या माणसाची. व्हिसाला जाणाऱ्यांना मिनी व्हॅननं घेऊन जाणारे, सगळं आम्ही करतो म्हणणारे असतात, त्यातले बरेच खरे धंदेवाले असतील, खरं तुला त्यातला कोण कसा हे गाडीत बसल्यावर कळून काय उपयोग. म्हणून वाट एकच धर. बँकॉकहून रात्रीची रेल्वे नोंग खाय ह्या हद्दीवरच्या गावाला जाते, तिथं मेकाँगवर फ्रेंडशिप ब्रिज आहे, १९९४ चा, पलीकडं व्हिएंतियान, लाओसची राजधानी. पूल चालत ओलांडू देत नाहीत, बस असते. थाई वकिलात व्हिएंतियानमध्ये, आपली वकिलात पण व्हिएंतियानमध्येच. कुणी म्हणालं की चियांग राईकडनं जाऊ, चियांग खोंगला पूल आहे, तिकडं गर्दी कमी असते, तर सरळ नाही म्हण आणि मला फोन कर. त्या पुलापलीकडं बोकेओच आहे. नकाशा काढून बघ, व्हिएंतियान कुठं आणि ते कुठं.

शाळेतला अजून कुणी शिक्षक व्हिसाला जाणार असेल तर त्याच्याबरोबर जा, दोघं असलेलं बरं. कार्यालयातल्या बाईंना विचारून ठेव.

निघायच्या आधी आणखी एक काम. व्हिएंतियानच्या थाई वकिलातीला ईमेल करून विचार, की माझा पासपोर्ट भारतीय, मी लाओसची रहिवासी नाही, शाळेचं पत्र आहे, माझा अर्ज तुम्ही घेता का. काही वकिलाती परक्या देशातल्या माणसाचा अर्ज घ्यायला कुरकुर करतात, आणि तिथं जाऊन नाही ऐकण्यापेक्षा इथं बसून ऐकलेलं बरं. आता अर्ज ऑनलाइनच असतो, २०२५ च्या जानेवारीपासून त्यांनी सगळीकडं ई-व्हिसा केलाय. खरं अर्ज करताना तू त्याच देशात आहेस ह्याचा पुरावा मागतात, म्हणून लाओसचा शिक्का बसला की त्या पानाचा लगेच फोटो काढ. एका एन्ट्रीच्या बी व्हिसाची फी २,००० बात, नामंजूर झालं तरी परत मिळत नाही. मंजुरीला किती वेळ लागेल ते त्यांच्या हातात, त्यामुळं परतीचं तिकीट आधी काढून ठेवू नको आणि हॉटेल वाढवता येईल असं बघ. तू म्हणतेस दोन तीन दिवस, मी म्हणतो आठवडा धरून जा.

कागदांचं मी सांगतो ते कान देऊन ऐक, कारण हे माझं रोजचं काम आहे. शाळेचं नेमणुकीचं पत्र, शाळेच्या परवान्याची कॉपी, खाजगी शाळा असल्यानं तिथल्या शिक्षण खात्याचं पत्र, लेबर खात्याकडं वर्क परमिटसाठी केलेल्या अर्जाला आलेलं उत्तर, हे शाळेनं द्यायचं. तुझी डिग्री, मार्क्स कार्ड, पोलिस क्लिअरन्स, फोटो, बायोडेटा हे तुझं. शाळेच्या प्रत्येक कागदावर सही आणि शिक्का दोन्ही आहे का बघ, आणि तुझं नाव पासपोर्टवर आहे अक्षर न अक्षर तसंच आहे का बघ. आपल्या भागातल्या माणसाचं नाव कन्नडातनं एक, मराठीतनं एक, इंग्रजीत तिसरंच होतं. दहावीच्या मार्क्स कार्डावर तुझं नाव इनिशियल लावून आहे, डिग्रीवर माझं नाव मधे पूर्ण आहे आणि पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. तिथल्या साहेबाला ही तीन माणसं वाटतील. तसंच तुझ्या जन्मदाखल्यावर बेलगाम आहे आणि पासपोर्टवर बेळगावी, कारण १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारनं नाव बदललं. आमच्या मनात ते बेळगावच राहणार ते वेगळं, खरं साहेबासमोर हे दोन्ही एकच गाव आहे असं सांगता आलं पाहिजे. मी एक ॲफिडेविट करून नोटरी करतोय, एकच व्यक्ती आणि एकच गाव असं, इंग्रजीतनं, स्कॅन पाठवतो आणि ओरिजनल कुरियरनं. कदाचित कुणी विचारणारही नाही. विचारलं तर असावं.

इथनं शिनोळीला जायला वाटेत कुणी कागद विचारत नाही, एका दुकानात कर्नाटक आणि पुढच्या दुकानात महाराष्ट्र, त्यामुळं हद्द म्हणजे काय हे आपल्याला अंगात भिनलेलं नाही, भिनलंय ते वेगळ्याच कारणानं. तिथं मात्र हद्दीवर प्रत्येक शिक्का मोजून घे. थायलंडमधून बाहेर पडताना शिक्का, लाओसमध्ये शिरताना शिक्का, आणि परत येताना तेच उलट. परत येताना थायलंडचा शिक्का बसला की काउंटरवरून हलायच्या आधी बघ, बी व्हिसावर ९० दिवसांची तारीख घातलीय का. चुकून पुन्हा फ्री एन्ट्रीचा शिक्का मारला तर सगळी फेरी वाया गेली, तिथंच साहेबाला नम्रपणे दाखव, पुढं जाऊन मग सांगू असं करू नको.

लाओसचा व्हिसा आपल्या लोकांना तिथं पोचल्यावर पण मिळतो. त्याला डॉलर ठेव, नोटा कोऱ्या पाहिजेत, फाटकी, डागाची, पेनानं लिहिलेली घेत नाहीत. दोन फोटो. थायलंडात परत शिरायच्या आधीच्या तीन दिवसात त्यांचं डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं, २०२५ च्या मे महिन्यापासून ते सगळ्यांना आहे, आणि ते फुकट आहे. त्याच नावाच्या पैसे मागणाऱ्या खोट्या साईट असतात, इमिग्रेशनच्या खऱ्या साईटवरच भर. मला पासपोर्टची माहिती पाठवलीस तर मी इथनं भरून देतो, त्यात काय.

६० दिवस कधी संपतात ती तारीख मला लिहून पाठव. शाळा लेटर द्यायला उशीर करत असेल तर त्या तारखेची वाट बघत बसू नको. मुदत ओलांडली तर दिवसाला ५०० बात दंड, आणि पैशापेक्षा वाईट म्हणजे रेकॉर्डला लागतं. आणि लेटर नसताना नुसतं बाहेर जाऊन पुन्हा फ्री एन्ट्रीवर आत यायचं, असलं कुणी सुचवलं तर ऐकू नको. आत घ्यायचं की नाही हे तिथल्या साहेबाच्या हातात आहे. लेटर मिळतच नसेल तर घरी ये. विमानाचं तिकीट मी काढतो, लोक काय म्हणतील हा विचार तू करायचा नाही, तो मी आणि आई बघतो. तुझी खोली आहे तशीच आहे, आजी तिथं कपडे वाळत घालू देत नाही कुणाला.

पुढचं एक आत्ताच सांगून ठेवतो, कारण गणपतीला तू येणार म्हणून आईनं आतापासून ठरवलंय. परमिट झालं, मुक्काम वर्षाचा वाढवून मिळाला, की मधे भारतात यायच्या आधी इमिग्रेशनमधून रि-एन्ट्री परमिट काढायचं. एका वेळचं १,००० बात, कितीही वेळा जायचं असेल तर ३,८०० बात. ते न काढता विमानात बसलीस तर मुक्कामाची परवानगी तिथंच संपते आणि हे लाओसचं सगळं पुन्हा पहिल्यापासून. दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा असतो ते पण लक्षात ठेव. तिथल्या शिक्षकांना हे सगळं पाठ असतं, त्यांना विचारत जा.

पैसे मी सोमवारी टाकतो. पुरेसे टाकतो, त्यातले वाचवून आईला साडी घेऊ नको ह्या वेळी, हॉटेल चांगलं घे, स्टेशनजवळचं स्वस्त बघू नको. तिथं सिमकार्ड पहिलं घे. आपल्या बँकॉकच्या आणि व्हिएंतियानच्या वकिलातीचे इमर्जन्सी नंबर मोबाईलमध्ये आणि एका कागदावर पण लिही, मोबाईल हरवला तर कागद राहील. रेल्वेत बसलीस की लोकेशन चालू कर आणि पूल ओलांडेपर्यंत बंद करू नको, मी जागाच असणार आहे.

शाळेचं लेटर आलं की आधी त्याची पीडीएफ मला पाठव. मी वाचतो, नाव जुळतंय का बघतो, काही राहिलं असेल तर सांगतो, मग तिकीट काढ.

तुझे,
पप्पा
खानापूर