खरवसासाठी ठेवलेला चीक

काकू,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना दिसेल असं लिहितोय. तुमचा नातू ते तुम्हाला वाचून दाखवेल, म्हणजे त्याचा खरवस कुठे गेला हेही त्याला कळेल.

त्या रात्री आमची डुकरीण व्याली. नऊ पिल्लं, पण ती तापाने फणफणलेली, कास दगडासारखी आणि दुधाचा थेंब नाही. डॉक्टर फोनवर म्हणाले, "सकाळी येतो, तोवर कुठूनही चीक मिळव." डुकराच्या पिल्लाला आईच्या वारेतून रोगाशी लढायची ताकद मिळतच नाही. ती चिकातून येते, तीही पहिल्या 24 तासांत. नंतर आतडं ती रक्तात घेत नाही.

गाय नुकतीच व्यायलेली होती ती फक्त तुमची. डुकरांसाठी चीक कोण देईल, असं मनात धरूनच साडेअकराला तुमचं दार वाजवलं. तुम्ही फ्रीजमधली किटली काढलीत आणि चपला घालून माझ्याबरोबर निघालात.

मी चीक गॅसवर ठेवणार, तेवढ्यात तुम्ही हात धरलात. "अरे, घट्ट होईल तो! कोमट पाण्यात ठेव किटली." पिल्लाला मी बाळासारखं उताणं धरलं, तर तुम्ही ते पालथं केलंत, नाहीतर दूध छातीत जातं म्हणून. सिरिंजने थेंब थेंब, दर तासाला, पहाटेपर्यंत. या पिल्लांच्या अंगावर चरबी नसल्यात जमा; बल्बखाली 32-34 अंशांची ऊब नसेल तर भरल्या पोटीही ती गारठतात. सगळ्यात बारकं तुम्ही पदरात धरून बसला होतात. पहाटे ते गेलं. तुम्ही डोळे पुसलेत आणि पुढचं हातात घेतलंत.

दुसरं एक चौथ्या दिवशी गेलं. उरलेल्या सातांना तिसऱ्या दिवशीच लोहाचं इंजेक्शन दिलं होतं, कारण दुधात लोह अगदीच कमी. मग ती ताटलीतून प्यायला शिकली. डुकरिणीचं दूध गाईच्या दुधापेक्षा घट्ट असतं, असं मी एकदा बोललो होतो. त्यानंतर महिनाभर तुम्ही पाण्याचा थेंबही न घातलेलं दूध पाठवलंत आणि पैसे घेतले नाहीत.

गावात अनेकजण आमच्या शेडकडे नाक धरून बघतात. तुम्ही त्या रात्री तिथल्या गोणपाटावर बसून आमच्या घरचा चहा प्यायलात. आई अजून ते सांगते.

सातही आता भरडा खातात. रविवारी किटली घेऊन येतो.

तुमचा,
शेजारचा मुलगा