काका, तुमच्यामुळे माझं विमान विकावं लागलं नाही

ती. काका,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अरे, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

माझी सेस्ना १७२ आहे १९७५ सालची. इथे अमेरिकेत दर बारा महिन्यांनी ॲन्युअल तपासणी करावीच लागते. गेल्या वर्षी त्यात तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत भरलेली हवा धरून ठेवायची ताकद, ८० पैकी ५२ आली आणि वर्कशॉपने चारही सिलिंडर बदलायचं एस्टिमेट हातात ठेवलं. पाच आकडी डॉलर! विमान काढून टाकावं, इथवर घरी बोलणं आलं होतं. तुम्ही म्हणालात, "सही करू नकोस. दोषांची यादी लेखी माग. ते काम त्यांच्याकडूनच करून घ्यायला तू बांधील नाहीस. मी येतो."

एअर इंडियाच्या कालिनाच्या हँगरमध्ये जंबो विमानं सांभाळलेले तुम्ही, माझ्या चार सिलिंडरच्या इंजिनाशी अर्धा दिवस बसलात. सिलिंडरमध्ये हवा भरून मला एक्झॉस्टच्या नळीला कान लावायला सांगितलंत. फुस्स आवाज स्पष्ट येत होता. तेल भरायच्या तोंडाशी आला असता तर पिस्टनच्या रिंगांचा दोष, कार्बोरेटरपाशी आला असता तर इनटेक व्हॉल्व्हचा. इथे येतोय म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच. बोरस्कोपमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आत घालायच्या बारीक कॅमेऱ्यात, व्हॉल्व्हवरचा डाग एका बाजूला सरकलेला दिसला, कड मात्र शाबूत होती. मग प्लगच्या भोकातून आत दोरी भरून व्हॉल्व्हला टेकू दिलात, स्प्रिंगा उतरवल्यात आणि ग्राइंडिंग पेस्ट लावून तो जागच्या जागी घासलात. सिलिंडर इंजिनावरून उतरवावाही लागला नाही. माप ७४ वर आलं. किती बारकाईने लॉगबुकात नोंद केलीत!

मॅग्नेटोचे, म्हणजे प्लगना ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या यंत्रांचे, ५०० तास भरत आले होते. ते मात्र उघडून तपासायला लावलेत. "इथे घासाघीस करायची नाही," म्हणालात. पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे निमूट मोजायचे, हे मला इतक्या नीट कुणीच सांगितलं नव्हतं.

तुम्ही सांगितल्यापासून उड्डाणाच्या दर तासामागे ४० डॉलर वेगळ्या खात्यात टाकतो. तेल नि प्लग बदलायची मुभा एफएए, म्हणजे इथलं विमान वाहतुकीचं सरकारी खातं, पायलट असलेल्या मालकाला देतंच, ते आता मीच करतो. फिल्टर कापून, कागद उलगडून धातूचे कण आहेत का ते बघायला त्यावर लोहचुंबकही फिरवतो. यंदा स्टार्टर अचानक गेला. बिल त्याच खात्यातून भागलं, घरी कुणाच्या कपाळावर आठी नाही.

इथले दोन मराठी मित्र जुनं विमान घ्यायच्या बेतात आहेत. त्यांना तुमचा नंबर दिलाय; लॉगबुकं घेऊन येतील. काका पैसे मागणार नाहीत, तरी तुम्ही द्यायचेच, असं त्यांना आधीच बजावून ठेवलंय.

काकूंना नमस्कार.

तुमचा कृतज्ञ,
१७२ वाला