खुर्ची कानाने निवडा

ती. आई-बाबांना,
सा. न.

शनिवारच्या कार्यक्रमाची तिकिटं काढायच्या आधी हे वाचा. नाट्यगृह जेमतेम तीनशे खुर्च्यांचं, त्यामुळे कुठेही बसलं तरी चालेल असं वाटतं. दिसण्यापुरतं ते खरं आहे. ऐकण्याचं तसं नाही.

पहिल्या दोन रांगा नकोतच. मुख्य स्पीकर बहुधा रंगमंचाच्या दोन्ही कडांना असतात आणि त्यांचा रोख मागच्या रांगांकडे असतो. पुढे मधोमध बसलं की ड्रम आणि गिटारचा अँप (गिटारचा स्वतःचा स्पीकर) सरळ अंगावर येतो, गायकाचे शब्द मात्र बुडतात. भिंतीलगत खर्ज साचतो. बाल्कनीच्या छताखाली अगदी मागे वरून येणारा आवाज अडतो आणि गाणं दबकं लागतं. आवाज जुळवायच्या मिक्सरचं टेबल कुठे असतं ते फोन करून विचारा. साउंडवाला तिथल्या कानाने आवाज जुळवतो, म्हणून त्याच्या एक-दोन रांगा पुढे, मध्याजवळची जागा सगळ्यांत चांगली. आई, तुझ्या गुडघ्यासाठी तिथलीच वाटेकडची खुर्ची घे. बाल्कनी नको, अंधारात त्या उंच पायऱ्या उतरणं धोक्याचं.

बाबा, तुमचं श्रवणयंत्र बोलणं ऐकण्यासाठी लावलेलं आहे. बासरीचा किंवा व्हायोलिनचा लांबलेला सूर त्याला स्वतःचीच शिट्टी वाटते, ते तो दाबायला जातं आणि सूर थरथरतो. ऑडिओलॉजिस्टकडून संगीताचा वेगळा प्रोग्रॅम आधीच घालून घ्या. यंत्रात टेलिकॉइल, म्हणजे लूपचा आवाज पकडणारी बारीक तारेची गुंडाळी, आहे का तेही विचारा. नाट्यगृहात असा लूप (माइकचा आवाज चुंबकीय लहरींनी पाठवणारी तार) बसवलेला असेल, तर माइकचा आवाज थेट यंत्रात येतो, हॉलचा गोंगाट मध्ये येत नाही.

आई, तू कानात घालायचे बोळे घेऊन जा. बोळ्यांशिवाय 85 डेसिबलचा आवाज कानांना आठ तास चालतो, पण दर 3 डेसिबल वाढले की ही वेळ निम्मी होते. 100 डेसिबलला उरतात फक्त 15 मिनिटं. फोमचा बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवून अर्धा मिनिट दाबून धरायचा. नुसता कानाच्या तोंडाशी ठेवला तर उपयोग नाही. फोममुळे वरचे सूर जास्त कापले जातात, म्हणून संगीतासाठीचे फिल्टरवाले मिळाले तर तेच घे.

पहिल्या गाण्याला आवाज विचित्र वाटला तर लगेच उठू नका. साउंड चेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी, रिकाम्या हॉलमध्ये होतो. माणसं भरली की त्यांचे कपडे आणि अंगं आवाज शोषतात, मग सगळं पुन्हा जुळवावं लागतं. दोन-तीन गाणी द्या. तरीही शब्द कळले नाहीत, तर मध्यंतरात दारावरच्या माणसाला जागा बदलून मागा.

घरी आल्यावर कानात गुणगुण राहिली, तर तो दिवस कानांना शांतता द्या. दुसऱ्या दिवशीही ती थांबली नाही तर मला कळवा, आपण डॉक्टरांची वेळ घेऊ.

तुमचं लेकरू