साखरप्याच्या मिस्त्रीकाकांना

काका, सा. न.

त्या दिवशी घाईत तुमचे नीट आभारही मानले नाहीत. म्हणून सगळ्यांसमोर हे पत्र.

एप्रिलातली भर दुपार. रत्नागिरीहून आईला कोल्हापूरला घेऊन निघाले होते, दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. आंबा घाट चढण्याआधी चहाला थांबलो आणि पुन्हा चावी फिरवली तर तेच, महिनाभर छळणारं दुखणं. सेल्फ जोरात फिरतोय, गाडी काही सुरू होत नाही. मी सेल्फ मारतच राहिले. रस्त्यापलीकडून तुम्ही हात पुसत आलात आणि म्हणालात, "ताई, थांबा. तो तापेल. दहा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये दम घेऊ द्या."

याआधी दोन गॅरेजं झाली होती. एकानं बॅटरी बदलली, दुसऱ्यानं पेट्रोलचा पंप. दोन्ही वेळा गाडी ओढून नेईपर्यंत थंड झालेली असायची आणि तिथे गेल्यावर बिनबोभाट सुरू व्हायची. तुम्ही मात्र बॉनेटला हात लावण्याआधी विचारलंत, "बंद पडते कधी? सकाळी, की चालून आल्यावर?" हा प्रश्न मला तोवर कुणी विचारलाच नव्हता.

मग जे केलंत ते मी जवळून पाहिलं. आईला म्हणालात, "मावशी, मागे कान देऊन बसा," आणि मला चावी नुसती ऑन करायला लावलीत. मागच्या सीटखालून दोनेक सेकंद गूंऽऽ आवाज आला. म्हणजे पंपाला वीज मिळते, त्याचा फ्यूज आणि रिले, म्हणजे वीज जोडणारा स्विच, ठीक. डॅशबोर्डवरचा चावीचा दिवा विझला, म्हणजे गाडीनं चावी ओळखली. सेल्फचा आवाज नेहमीसारखा जड होता. इंजिनाचे भाग एका तालात फिरवणारा टायमिंग बेल्ट तुटला असता तर तो मोकळा, सुसाट फिरला असता, असं तुम्ही सांगितलंत. मग ठिणगीसाठी प्लगला वीज देणारी कॉईल काढून त्यात जुना प्लग बसवलात आणि इंजिनाच्या धातूला टेकवून धरलात. मी सेल्फ मारला. ठिणगी नाही. "काटा बघा," म्हणालात. आरपीएमचा काटा शून्यावर निपचित. एरवी सेल्फ मारताना तो थोडासा उचलतो, हे मला कुठे ठाऊक होतं?

प्लग काढला तर कोरडा. पेट्रोलही नाही, करंटही नाही. "दोन्ही एकदम कशी मरतील? त्यांना हुकूम देणाऱ्यालाच काही कळत नाहीये." क्रँक सेन्सर. इंजिन कुठे फिरतंय हे तो गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो. तो गप्प बसला की ठिणगी कधी टाकायची नि पेट्रोल कधी सोडायचं, हे कॉम्प्युटरला समजत नाही. आतली बारीक तार तापली की तुटते, निवली की पुन्हा जुळते. आधी तुम्ही त्याचा सॉकेट काढून पाहिलात, तो घट्ट होता. मग फडकं माठातल्या पाण्यात भिजवून, पिळून सेन्सरवर ठेवलंत. दहा-बारा मिनिटांनी काटा उचलला आणि गाडी सुरू झाली.

मी आनंदानं पर्समध्ये हात घातला, तर तुम्ही चावी काढून घेतलीत. "आता घाटात सोडणार नाही. वळणावर इंजिन बंद पडलं तर स्टिअरिंग जड, ब्रेक जड. आणि मावशी बरोबर आहेत." तेव्हा मला थोडा रागच आला होता, काका. त्याची माफी मागते. पोराला मोटरसायकलवर देवरुखला पाठवून सेन्सर मागवलात. तोवर आईला तुमच्या घरी आडवं व्हायला जागा दिलीत, काकूंनी ताक दिलं. सव्वा हजाराचा सेन्सर आणि मजुरी दोनशे. त्याआधी मी बारा-तेरा हजार घालवले होते, पण नेमकं काय बिघडलंय हे कुणी तपासलं नव्हतं.

दिवेलागणीच्या आत आम्ही घाट चढून वर होतो. ऑपरेशन वेळेवर झालं. आई आता अंगणातून रस्त्यावरच्या एसटीची पाटी वाचते. मेच्या उन्हातही गाडी एकदाही अडली नाही. जुना सेन्सर मी ठेवलाय आणि चावी फिरवताना अजून आधी काट्याकडे बघते.

गणपतीनंतर आईला तपासणीला न्यायचंय. काकूंना सांगा, ताकाला थांबणार आहोत.

तुमची,
रत्नागिरीची ताई