बिर्कलँडची विजेची तोफ

ओस्लो,
१६ नोव्हेंबर

ती. बाबांना सा. न. वि. वि.

द्राक्षांची छाटणी वेळेवर झाली हे वाचून जीव भांड्यात पडला. आईचा गुडघा कसा आहे?

रविवारी इथल्या तंत्रज्ञान संग्रहालयात गेले होते. तिथे एक तोफ पाहिली, तिला दारूगोळ्यातली दारू लागतच नाही! नळीभर तांब्याच्या तारेची वेटोळी, एकापुढे एक. विहिरीवरच्या मोटारीत असतात ना, तशीच. वेटोळ्यात वीज सोडली की त्याचा चुंबक होतो आणि लोखंडी गोळ्याला ओढतो. गोळा मध्यावर येताच ती वीज तोडायची, नाहीतर तेच वेटोळं त्याला मागे खेचणार. तोवर पुढच्याची ओढ लागलेली असते. असा टप्प्याटप्प्यानं वेग चढत जातो. मी बराच वेळ तिथून हललेच नाही.

ही कल्पना क्रिस्तियान बिर्कलँड यांची. उत्तरेच्या आकाशातला ध्रुवीय प्रकाश कसा उमटतो याचा शोध घेणारे शास्त्रज्ञ. १९०३ साली इथल्या विद्यापीठाच्या सभागृहात त्यांनी तोफ लोकांना दाखवली. कळ दाबली आणि शॉर्टसर्किट! प्रचंड आवाज, डोळे दिपवणारी ज्वाला, लोकांची पळापळ. तोफेचा धंदा तिथेच बसला. (अलीकडे अमेरिकेच्या नौदलानं दोन रुळांमधून वीज सोडून गोळा ध्वनीच्या कितीतरी पट वेगानं फेकला, पण रूळ फार लवकर झिजायचे. २०२१ मध्ये तेही काम थांबलं.)

पण बाबा, ती ज्वाला बिर्कलँडच्या मनातून गेली नाही. त्याच सुमारास सॅम आयडे हा इंजिनिअर खतासाठी हवेतला नायट्रोजन पकडायला विजेची मोठी ठिणगी शोधत होता. दोघांनी चुंबकानं ती ज्वाला थाळीसारखी पसरवली, तिच्यातून हवा सोडली आणि निघालेल्या वायूपासून आम्ल केलं. त्यात चुनखडी मिसळली की तयार झालं कॅल्शियम नायट्रेट. धबधब्यांच्या विजेवर नॉर्वेतल्याच नोटोडेन गावी १९०५ मध्ये कारखाना उभा राहिला.

तुम्ही द्राक्षांना ड्रिपमधून सोडता तेच हे खत! विजा कडाडून पाऊस झाला की रान हिरवंगार होतं, असं आजोबा म्हणायचे. आकाशातली वीजही असाच थोडा नायट्रोजन पकडते आणि तो पावसाबरोबर जमिनीत उतरतो, त्यामागचं एक छोटं कारण हेही. मला तिथे आजोबांची फार आठवण आली.

आता खत वेगळ्या रीतीनं बनतं. तरी पुढचं पोतं आणाल तेव्हा ते कुठे बनलंय ते वाचून कळवा.

तुमची,
वर्षा