मचूळ ताक

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर हसूच आवरेना, म्हणून नीट बोलले नाही. तिकडच्या मैत्रिणीला ताक देताना ‘खारवट’ला शब्दकोशातला इंग्रजी शब्द शोधून तू म्हणालीस ‘जरा ब्रॅकिश आहे’, आणि तिनं पेला तसाच खाली ठेवला! बिचारी दुसरं काय करणार? ब्रॅकिश म्हणजे आपलं मचूळ. खाडीकाठच्या आपल्या विहिरीतलं गोडं पाणी वैशाखात खाली गेलं की समुद्राचं पाणी आत शिरतं आणि चहासुद्धा कसासाच लागतो, तसं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. मचूळ पाणी त्याच्या अलीकडचं. शब्दकोशातला शब्द खरा, पण तो विहिरीचा, खाडीचा. ‘मचूळ ताक घे’ म्हणत मी वाढलं असतं तर तू तरी प्यायली असतीस का?

गोडसरला स्वीटिश, मग खारवटला सॉल्टिश, हा तुझा हिशेब चुकीचा नाही. कोशात तो शब्द आहेही, पण बोलण्यात फारसा येत नाही. ‘अ बिट सॉल्टी’ म्हणशील तर ऐकणाऱ्याला वाटेल, मीठ जास्त पडलंय. आपल्याकडेही तसंच आहे की! खारे दाणे आपण मिटक्या मारत खातो, पण ‘दाणे खारट आहेत’ म्हटलं की तक्रार झाली. खारे ते सॉल्टेड, खारट ते सॉल्टी. मीठ ठरवून घातलंय की हात सैल सुटलाय, एवढाच फरक. म्हणून ताकाला ‘लाइटली सॉल्टेड’ म्हण.

त्याआधी ‘सेव्हरी’ म्हणून टाक, कारण तिच्या डोक्यात गोड लस्सी असणार. मात्र सेव्हरी म्हणजे खारट नव्हे. गोड नसलेलं, पोटभरीच्या चवीचं, त्यात चीजही आलं आणि सूपही. मिठाचं माप त्यातून कळत नाही.

ब्रायनी हा शब्द मला आवडतो. ब्राइन म्हणजे मिठाचं पाणी, आपल्या कैऱ्या मुरतात तेच. तिकडे कालवांनाही कौतुकानं ब्रायनी म्हणतात.

आणि हो, ‘शी इज सॉल्टी’ ऐकलंस तर चवीचा विचार करू नकोस, बाई चिडलेली आहे. हे मला तुझ्या भावानं शिकवलं.

पार्सलमध्ये ताकातल्या मिरच्या ठेवल्या आहेत. त्या तळताना खिडकी उघडी ठेव.

तुझी
आई